मित्राला क्रिप्टो उसनं देताय? कॉइन परत येणार की किंमत, हे आधी ठरवा

हातउसने पैसे द्यायचे तर फार काही ठरवावं लागत नाही, पाचशे दिले तर पाचशे परत, विषय संपला. क्रिप्टोत तसं होत नाही, कारण दिलं त्या दिवशीचा भाव आणि परत आलं त्या दिवशीचा भाव यात जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो आणि मग दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात तरी भांडण होतंच. मी मित्रांना क्रिप्टो उसनं दिलंय, परत घेतलंय, मधेच हिशोब बदलायची विनंतीही एकदा आलीय. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. पहिल्यांदाच देत असाल तर सेंडचं बटण दाबायच्या आधी निदान पहिल्या चार पायऱ्या पूर्ण वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आधी जवळ काय काय हवं ते सांगतो:

- दोघांचंही स्वतःचं वॉलेट, म्हणजे क्रिप्टो सांभाळायचं ॲप किंवा डिव्हाइस. मित्राकडे नसेल तर त्याला बनवायला शिकवा, पण त्याचे १२ किंवा २४ शब्दांचे सीड वर्ड्स (वॉलेटची गुप्त चावी) त्याने एकट्यानेच लिहून घ्यायचे, तुम्ही बघायचे नाहीत. तुमचे त्याला द्यायचा तर प्रश्नच नाही.
- नेटवर्कची फी भरण्यापुरतं त्या नेटवर्कचं स्वतःचं कॉइन. इथेरियमवर यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) पाठवायचं असेल तर थोडं ईथर लागतं, ट्रॉनवर टीआरएक्स लागतं. नवीन माणूस नेमका इथे अडकतो, वॉलेटमध्ये यूएसडीटी दिसतंय पण पाठवता येत नाही.
- ब्लॉक एक्सप्लोरर, म्हणजे नेटवर्कवरचे व्यवहार कुणालाही बघता येतात ती साइट. बिटकॉइनसाठी मेमपूल डॉट स्पेस, इथेरियमसाठी इथरस्कॅन, ट्रॉनसाठी ट्रॉनस्कॅन.
- भाव बघायला दोघांना मान्य असलेली एकच जागा, उदाहरणार्थ कॉइनगेको.
- लेखी कबुली आणि नोंदींसाठी एक साधी शीट.

१. मागणारा खरंच तोच आहे का, आणि कशासाठी मागतोय

चॅटवर "अर्जंट आहे, थोडं यूएसडीटी पाठव ना" असा मेसेज आला की आधी फोन लावा, जमलं तर व्हिडिओ कॉल करा. अकाउंट हॅक करून कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांकडे पैसे मागायचे हा प्रकार सर्रास चालतो आणि क्रिप्टो एकदा गेलं की ते मागे फिरवणारी बँक नसते. फोन टाळत असेल, "आत्ता बोलू शकत नाही, आधी पाठव" म्हणत असेल तर थांबा.

दुसरी गोष्ट थोडी अवघड आहे पण विचाराच. कधी कधी मित्र अगदी खरा असतो पण तोच कुणाच्या तरी जाळ्यात सापडलेला असतो. ऑनलाइन ओळख झालेल्या कुणीतरी त्याला एका ट्रेडिंग साइटवर नेलेलं असतं, तिथे मोठा नफा दिसत असतो आणि तो काढायला गेलं की आधी टॅक्स भरा, व्हेरिफिकेशन फी भरा असं सांगतात. ती फी भरायला तो तुमच्याकडे क्रिप्टो मागतोय. असं काही ऐकलंत तर एक पैसाही देऊ नका आणि शांतपणे त्याला सांगा की पैसे काढायच्या आधी वरून पैसे मागणारी साइट ही फसवणूकच असते. तो चिडेल, पण तुम्ही दिलेलं उसनं त्याच्या हातात येणारच नाहीये, सरळ चोराच्या वॉलेटमध्ये जाणार आहे. म्हणूनच "माझ्याकडे नको, डायरेक्ट या ॲड्रेसवर टाक" या विनंतीला नेहमी नाही म्हणा. उसनं मित्राला द्यायचं, त्याच्या स्वतःच्या वॉलेटवर, पुढे तो काय करतो ते त्याचं.

आणि माझं स्पष्ट मत, लीव्हरेज ट्रेडिंगसाठी (कर्ज घेऊन मोठा सौदा करायला) उसनं देऊ नये. भाव उलटा जाऊन पोझिशन लिक्विडेट झाली, म्हणजे सौदा जबरदस्तीने बंद झाला, की सगळं काही मिनिटांत जातं आणि मग तुमची परतफेड कुठून होणार?

२. कॉइन परत हवं की किंमत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समजा एक बिटकॉइन ६०,००० डॉलरला आहे आणि तुम्ही ०.१ बिटकॉइन दिलं, म्हणजे ६,००० डॉलरचं. सहा महिन्यांनी भाव ९०,००० झाला. कॉइनच्या बदल्यात कॉइन असं ठरलं असेल तर मित्राला ०.१ परत करायला ९,००० डॉलर लागतील, त्याने ते विकून घरखर्चात घातलं असेल तर बिचारा ३,००० ने खड्ड्यात. किंमत परत असं ठरलं असेल तर तो तुम्हाला साधारण ०.०६६७ बिटकॉइन देईल आणि मग तुम्हाला वाटणार की मी दिलंच नसतं तर माझ्याकडे पूर्ण ०.१ असतं. आता भाव उलटा ४०,००० वर आला असं धरा. कॉइन परत घेतलं तर तुमच्या हातात ४,००० ची वस्तू येते, किंमत परत घेतली तर मित्राला ०.१५ बिटकॉइन द्यावं लागतं. प्रत्येक वेळी एकाला वाईट वाटणारच आहे, म्हणून कुणाला वाटेल ते आधीच ठरलेलं बरं.

हा वाद फक्त मित्रांमधला नाही. एफटीएक्स हे एक्स्चेंज, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीची साइट, बुडालं तेव्हा ग्राहकांचे दावे ११ नोव्हेंबर २०२२ च्या भावाने डॉलरमध्ये मोजले गेले, बिटकॉइनला सुमारे १६,८७१ डॉलर. प्रत्यक्ष पैसे वाटायला सुरुवात झाली २०२५ मध्ये, तोपर्यंत बिटकॉइन लाख डॉलरच्या आसपास पोचलं होतं. कागदावर पूर्ण परतफेड मिळूनही लोक नाराज होते ते याच कारणाने. माउंट गॉक्स या आधी बुडालेल्या एक्स्चेंजच्या बाबतीतही आधी दावे २०१४ च्या भावाने, एका बिटकॉइनला साधारण ४८० डॉलर धरून मोजले होते, मग २०१८ मध्ये प्रकरण दुसऱ्या कायदेशीर प्रक्रियेत गेलं आणि जुलै २०२४ पासून लोकांना प्रत्यक्ष कॉइन मिळायला लागले. कोर्टालाही जे ठरवायला वर्षं लागली ते तुम्ही दोघं अर्ध्या तासात ठरवू शकता, फक्त देण्याआधी बसायला हवं.

माझा नियम सोपा आहे. मित्र ते विकून रोजच्या पैशात वापरणार असेल, भाडं, फी, औषधपाणी काहीही, तर बिटकॉइन-ईथर देऊच नका, स्टेबलकॉइन (यूएसडीटी, यूएसडीसीसारखं डॉलरला बांधलेलं कॉइन) द्या आणि स्टेबलकॉइनच परत घ्या. १,००० यूएसडीसी दिलं, १,००० यूएसडीसी परत, कुणाला भावाचं टेन्शन नाही. आणि त्याला कॉइनच हवं असेल, म्हणजे गॅससाठी (नेटवर्कच्या फीसाठी) ईथर किंवा स्टेकिंगसाठी (कॉइन नेटवर्कमध्ये अडकवून बक्षीस मिळवायला) काही, तर तेच कॉइन तेवढंच परत.

तुमच्याकडे फक्त बिटकॉइन असेल तर? तर तुम्ही स्वतः आधी हवं तेवढं स्टेबलकॉइनमध्ये बदला आणि मग द्या. भाव वाढला तर तुमचं थोडं नुकसान होईल पण ते तुम्ही डोळे उघडे ठेवून घेतलेलं असेल, मित्राच्या डोक्यावर बसणार नाही.

स्टेबलकॉइन म्हणजे डॉलर असंही समजू नका. मे २०२२ मध्ये टेरायूएसडी नावाचं स्टेबलकॉइन पार कोसळलं. मार्च २०२३ मध्ये यूएसडीसीसुद्धा एका वीकेंडला ८८ सेंटच्या आसपास घसरलं होतं कारण त्याच्या रिझर्व्हमधले ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते, नंतर सावरलं. त्यामुळे कोणतं स्टेबलकॉइन ते नाव घेऊन ठरवा, आणि ते घसरलेलं असताना परतफेड करायची नाही, सावरेपर्यंत थांबायचं, हे पण बोलून घ्या.

३. लिहून घ्या, मित्र असला तरी

लिहून मागितलं तर विश्वास नाही असं वाटेल म्हणून लोक लाजतात. पण महिन्यांनंतर दोघांना वेगवेगळं आठवतं, त्यात कुणाची नियत खराब असते असं नाही. साध्या भाषेत एक मेसेज किंवा ईमेल, समोरच्याने "मान्य" लिहून उत्तर दिलं की झालं. रक्कम मोठी असेल तर कागदावर सही आणि गरज वाटली तर वकील. मी असा मजकूर वापरतो:

"मी आज अमुक तारखेला तुझ्याकडून ०.१ बिटकॉइन उसनं घेतलं. परत ०.१ बिटकॉइनच देईन, त्या दिवशीचा भाव काहीही असो. शेवटची तारीख अमुक. बिटकॉइन नेटवर्कवरूनच पाठवीन. पाठवायची फी माझी, तुझ्या वॉलेटमध्ये पूर्ण ०.१ पोचलं पाहिजे. व्याज नाही. मी ते कुठे ठेवलं आणि तिथे बुडालं तरी माझं देणं तसंच राहील. मधे फोर्क किंवा एअरड्रॉप आला तर तो तुझा."

शेवटची दोन वाक्यं लोक गाळतात. बुडण्याचं म्हणाल तर जून २०२२ मध्ये सेल्सियस या क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या कंपनीने अचानक पैसे काढणं बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. व्याजासाठी तिथे ठेवलेले लोकांचे कॉइन अडकले. तुमच्या मित्राने असंच कुठेतरी ठेवलं आणि "माझ्या हातात काही नाही" म्हणाला तर काय, ते आधी स्पष्ट हवं. फोर्क म्हणजे नेटवर्क फुटून नवं कॉइन तयार होणं आणि एअरड्रॉप म्हणजे फुकट वाटलेले टोकन; १ ऑगस्ट २०१७ ला ज्यांच्याकडे बिटकॉइन होतं त्यांना तेवढंच बिटकॉइन कॅश मिळालं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये युनिस्वॅप ही टोकन अदलाबदलीची सेवा वापरलेल्या ॲड्रेसना ४०० यूएनआय टोकन फुकट मिळाले. उसन्या कॉइनवर असं काही आलं तर ते कुणाचं, यावर नंतर बोलणं फार कठीण जातं.

परत किंमतीत घ्यायचं असेल तर भाव कुठला आणि कधीचा तेही लिहा. "कॉइनगेकोवरचा, पाठवायच्या वेळचा, दोघांनी स्क्रीनशॉट काढायचा" इतकं पुरतं. एकाच दिवसात भाव चार-पाच टक्के हलू शकतो, त्यामुळे नुसतं "त्या दिवशीचा भाव" लिहू नका.

४. ॲड्रेस आणि नेटवर्क, इथे घाई नको

यूएसडीटी एकच वाटतं पण ते इथेरियमवर आहे, ट्रॉनवर आहे, सोलानावर आहे, अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ट्रॉनचा ॲड्रेस टी अक्षराने सुरू होतो. इथेरियमचा शून्य आणि एक्सने, आणि त्यापुढे ४० कॅरेक्टर. बिटकॉइनचे १ ने, ३ ने किंवा बीसी१ ने सुरू होतात. गोची अशी की इथेरियमसारखाच ॲड्रेस बीएनबी चेन, पॉलिगॉन वगैरेंवरही चालतो, त्यामुळे ॲड्रेस बरोबर असूनही नेटवर्क चुकू शकतं. मित्राचं स्वतःचं वॉलेट असेल तर त्या नेटवर्कवर जाऊन ते सापडतं, पण एक्स्चेंजचा डिपॉझिट ॲड्रेस असेल आणि ते एक्स्चेंज ते नेटवर्क घेत नसेल तर कॉइन अडकतात. एक्सआरपी किंवा स्टेलर एक्स्चेंजवर पाठवताना टॅग किंवा मेमोही टाकावा लागतो, तो विसरलात तर एक्स्चेंजला कळत नाही की हे कुणाच्या खात्यात टाकायचं.

आता एक ट्रॅप जो जाणकारांनाही लागतो. तुम्ही एका ॲड्रेसवर काही पाठवलं की थोड्या वेळात तुमच्या हिस्ट्रीत एक किरकोळ किंवा शून्य रकमेचं ट्रान्झॅक्शन दिसतं. त्यातला ॲड्रेस मित्राच्या ॲड्रेससारखाच दिसतो, पहिले चार-पाच आणि शेवटचे चार-पाच कॅरेक्टर तेच, मधले वेगळे. वॉलेटमध्ये मधला भाग टिंबांनी झाकलेला असतो, म्हणून पुढच्या वेळी तुम्ही हिस्ट्रीतून कॉपी केलं की गेलं चोराकडे. मे २०२४ मध्ये एकाचे असेच १,१५५ रॅप्ड बिटकॉइन (इथेरियमवर चालणारं बिटकॉइनच्या भावाचं टोकन) गेले, सुमारे ६.८ कोटी डॉलरचे, नशिबाने चोराने नंतर बहुतेक रक्कम परत केली. तेव्हा हिस्ट्रीतून कधीच कॉपी करायचं नाही, प्रत्येक वेळी मित्राकडून नवा ॲड्रेस मागायचा आणि फोनवर मधले सात-आठ कॅरेक्टर वाचून जुळवायचे. पेस्ट केल्यावर परत बघा, कॉपी केलेला ॲड्रेस गुपचूप बदलणारे व्हायरसही असतात.

अजून एक. ज्या ॲड्रेसवरून तुम्ही पाठवाल त्यात किती शिल्लक आहे, आधी काय व्यवहार झालेत, सगळं मित्राला एक्सप्लोररवर दिसतं. संबंधांवर याचा परिणाम होतो, "तुझ्याकडे एवढं आहे आणि माझ्या मागे लागलायस" हे वाक्य ऐकायला लागू शकतं. म्हणून द्यायची रक्कम वेगळ्या वॉलेटमधून किंवा एक्स्चेंजवरून पाठवा.

५. आधी थोडं, मग बाकी

पाच-दहा डॉलरचं टेस्ट ट्रान्झॅक्शन करा, मित्राने "आलं" म्हटलं की बाकीचं पाठवा. फी दोनदा जाते, जाऊ दे. बिटकॉइनची फी रकमेवर नसते, ट्रान्झॅक्शन किती बाइटचं आहे आणि नेटवर्कवर गर्दी किती यावर असते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी टेस्टसुद्धा महाग पडते. २० एप्रिल २०२४ ला, हाविंगच्या (नव्या बिटकॉइनचं बक्षीस निम्मं होण्याच्या) दिवशी, सरासरी फी शंभर डॉलरच्या वर गेली होती. अशा वेळी दोन दिवस थांबलेलं बरं.

दोन्ही ट्रान्झॅक्शनचे हॅश (प्रत्येक ट्रान्झॅक्शनचा वेगळा ओळख क्रमांक), तारीख, वेळ आणि त्या वेळचा भाव लगेच शीटमध्ये टाका. हे आत्ता दोन मिनिटांचं काम आहे, वर्षभराने शोधायला बसलात तर अख्खी संध्याकाळ जाते.

६. मधला काळ

फार काही करायचं नाही. शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी एक आठवण द्या, कारण मित्राने ईथर स्टेक केलं असेल तर ते बाहेर काढायला रांग असते आणि त्यात दिवस जाऊ शकतात. घरातल्या एका विश्वासू माणसाला हे देणं-घेणं माहीत असू द्या. दोघांपैकी कुणाला काही झालं तर कागद कुठे आहे इतकं तरी कळायला हवं.

७. परत घेताना

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, मित्र खोटं बोलेल म्हणून नाही तर स्क्रीनशॉटवरून काहीच सिद्ध होत नाही म्हणून. हॅश मागा आणि एक्सप्लोररवर स्वतः चार गोष्टी बघा: ॲड्रेस तुमचाच आहे ना, रक्कम पूर्ण आहे ना, कन्फर्म झालंय ना (ब्लॉकमध्ये नोंदलं गेलंय ना), आणि टोकन खरं आहे ना. शेवटचं महत्त्वाचं आहे, यूएसडीटी असं नाव देऊन कुणीही नकली टोकन बनवू शकतो, ते वॉलेटमध्ये दिसतंसुद्धा. खरं-खोटं कॉन्ट्रॅक्ट ॲड्रेसवरून (टोकनच्या स्वतःच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरून) कळतं, तो इश्यू करणाऱ्या कंपनीच्या साइटवर बघून जुळवा. मित्रालाच कुणीतरी नकली टोकन दिलेलं असणं पण शक्य आहे.

बिटकॉइनमध्ये पहिलं कन्फर्मेशन साधारण दहा मिनिटांत येतं, मोठ्या रकमेला सहा होईपर्यंत थांबायची पद्धत आहे, म्हणजे तासभर. कन्फर्म व्हायच्या आधी ट्रान्झॅक्शन बदलता येतं, त्यामुळे नुसतं पेंडिंग दिसतंय म्हणून हिशोब मिटला असं लिहून देऊ नका.

मित्र एक्स्चेंजवरून पाठवत असेल तर दोन गोष्टी होतात. विथड्रॉवल फी बऱ्याचदा रकमेतूनच कापली जाते आणि तुमच्याकडे ०.१ च्या जागी थोडं कमी येतं, त्याला आधीच सांगा की फी धरून जास्तीचं टाक. आणि पाठवणारा ॲड्रेस एक्स्चेंजचा दिसतो, मित्राचा नाही, म्हणून "हे मी पाठवलं" असा त्याचा मेसेज हॅशसकट जपून ठेवा.

हप्त्याने घ्यायचं असेल तर बिटकॉइनच्या मुख्य नेटवर्कवर बारीक बारीक हप्ते घेऊ नका. प्रत्येक हप्ता वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून पडतो आणि पुढे ते सगळे एकत्र करून खर्च करताना फी वाढत जाते. लाइटनिंग (बिटकॉइनच्या छोट्या, स्वस्त व्यवहारांचं जोडनेटवर्क) वापरा, नाहीतर स्वस्त नेटवर्कवर स्टेबलकॉइन घ्या, किंवा हप्ते कमी आणि मोठे ठेवा.

८. तारीख उलटून गेली तर

आधी फोन, मेसेज नाही. विचारा की अडचण पैशाची आहे की भाव वाढल्यामुळे जड जातंय. भावामुळे असेल तर तडजोड निघते, उदाहरणार्थ अर्धं कॉइनमध्ये आणि अर्धं दिलं त्या दिवशीच्या किमतीत. हे करायचं की नाही ते सर्वस्वी तुमच्या हातात आहे, पण केलंत तर नवीन आकडा आणि नवीन तारीख परत लिहून घ्या, जुन्या मेसेजवर अवलंबून राहू नका. तो टाळतच असेल तर लेखी कबुली आणि हॅश घेऊन वकिलाकडे जा. ऑनलाइन "आम्ही तुमचं क्रिप्टो रिकव्हर करून देतो" म्हणणाऱ्यांना मात्र हात लावू नका. ते आगाऊ फी घेतात आणि गायब होतात, कन्फर्म झालेलं ट्रान्झॅक्शन कुणालाच उलटं फिरवता येत नाही.

रक्कम इतकी मोठी असेल की गेली तर झोप उडेल, तर देतानाच तारण मागा. तीनपैकी दोन सह्या लागणारं मल्टिसिग वॉलेट करता येतं, एक चावी तुमची, एक मित्राची, एक दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्याची. मित्राचं तारण त्यात राहतं आणि कुणा एकाला ते हलवता येत नाही.

९. टॅक्स

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत म्हणून इथे आकडे देत नाही. दोन प्रश्न घेऊन टॅक्सवाल्याकडे जा: हे देणं विक्री किंवा गिफ्ट म्हणून तर धरलं जाणार नाही ना, आणि परत आलेलं उत्पन्न म्हणून तर धरलं जाणार नाही ना. तो पहिल्यांदा कागदच मागेल, म्हणून पायरी ३ ची कबुली आणि पायरी ५ ची शीट सोबत न्या. किंमतीत परत घेतलं असेल किंवा दुसरंच कॉइन घेतलं असेल तर ते ठळक सांगा, तिथे हिशोब बदलू शकतो.

सगळं आलं की मित्राला मेसेज टाका: "अमुक तारखेचं ०.१ बिटकॉइनचं उसनं पूर्ण मिळालं, आता काही देणं बाकी नाही", खाली परतफेडीचे हॅश. हा मेसेज त्याच्या हक्काचा आहे, त्याने मागायची वाट बघू नका.